रात्रीचं रक्त

दिवसा हा जंतू सापडत नाही.
माणूस आडवा झाला, अंग सैलावलं,
की फुफ्फुसाच्या आडोशातून निघून
बोटाच्या टोकापर्यंत फिरायला येतो.
म्हणून साडेनऊनंतर आम्ही निघतो:
मी, लॅबचा अनंत पर्वतकर, एक टॉर्च,
काचपट्ट्यांची लाकडी पेटी
आणि नाइलाजाने मुकादम.

पर्वरीच्या पठारावर अकरा मजले उठलेत.
वर स्लॅबवर आळं करून साठवलेलं पाणी,
खाली पत्र्याच्या खोल्या,
कांद्याची फोडणी, कुणाचा तरी व्हिडिओ कॉल.
पत्र्यावर थाप मारली की आतलं बोलणं तुटतं.
पोलीस नाही हो, आरोग्य केंद्रातली आहे मी.
हे वाक्य मला आता सहा भाषांत येतं.
सहाही भाषांत ते खोटं वाटतं.

"रक्त कशाला?"
सतरा नंबरने विचारलं. खीमलाल, वय बावीस, सल्यान.
मुकादम म्हणाला, वरून हुकूम आहे, बोट दे.
त्याने दिलं.

आणि मला आमचा उल्हास आठवला.
दोहाला उतरून चार दिवस झाले होते,
बाही वर करून रांगेत उभा केला त्याला,
तीन नळ्या भरून घेतल्या.
कशाकशासाठी, कुणी सांगितलं नाही.
फोनवर म्हणाला, "अगे, घेतलं आणि पुढे ढकललं."
निकाल येईस्तोवर आई
देवळात गाऱ्हाणं घालत राहिली,
कुठल्या रोगाविरुद्ध, तिलाही ठाऊक नव्हतं.

मुकादमाला म्हटलं, जरा बाहेर बिडी ओढून या.
घमेलं पालथं घातलं, त्यावर बसले.
ओढणीच्या काठाचा धागा तोडून टॉर्चसमोर धरला.
एवढा. नाही, याहून पुष्कळ बारीक.
डास चावतो, हा आत शिरतो, वर्षानुवर्षं राहतो,
दुखत नाही, खुपत नाही,
मग एक दिवस पाय.
हत्तीरोग, मी म्हटलं.
कुणाच्या डोळ्यांत काही हललं नाही.

मागून एक बाई म्हणाली,
"हात्तीपाइले!"
आणि खांबाला गिलावा करावा
तसा स्वतःच्या नडगीवरून हात फिरवत गेली,
जाड, आणखी जाड.
"माझी सासू. बर्दियाला. मापाची चप्पल
बारा वर्षं मिळाली नाही तिला."
दिलमाया घर्ती. डावा हात पुढे.
सिमेंटने बोटावरच्या रेघा पुसून टाकलेल्या,
कातडी इतकी घट्ट
की सुई दोनदा टोचावी लागली.
मी ओशाळले. ती नाही.

मध्यरात्री एक्केचाळीस पट्ट्या झाल्या.
स्कूटरवर पेटी पायांमध्ये धरून परतताना
प्रत्येक गतिरोधकावर
काचा एकमेकींशी कुजबुजायच्या.

सहाव्या दिवशी अनंतने फोन केला. सतरा.

गोळ्या घेऊन गेले तर खोल्याच नव्हत्या.
पत्रे रचून ठेवलेले, चुलीचे काळे दगड,
एका खिळ्याला कुणाचा तरी कंगवा.
रजिस्टर उघडलं. एक्केचाळीस नावांपुढे
एकच मोबाइल नंबर, मुकादमाचा.
तो उचलत नव्हता.

आठवडाभर गोळ्या माझ्या पर्समध्ये होत्या,
घराच्या किल्ल्या आणि बसच्या तिकिटांसोबत.
वरिष्ठ म्हणाले, अहवालात लिहा, स्थलांतरित.
मी लिहिलं. पाकीट मात्र काढलं नाही.

मग रविवारी, मासळी साफ करत होते,
अनोळखी नंबर.
"दिदी, आता आम्ही सांकवाळला. खीमलालपण इथेच.
इथल्या टाकीला झाकण नाही.
मुकादमाला सांगितलं तर हसतो.
मी गोणपाट बांधलंय, पण वाऱ्याने उडतं."
सांकवाळ माझ्या हद्दीत येत नाही.
तिला ते सांगावं म्हणून तोंड उघडलं,
हाताला बांगड्याचा वास, जुवारीपलीकडे जायचं म्हणजे
दोन बस.
"रात्रीच या," ती म्हणाली,
"मी सगळ्यांना जागं ठेवते.
आणि तो धागा आणा.
इथले ऐकत नाहीत, दाखवावं लागेल."